मॅडम, आधी ते परिपत्रक मागे घ्या

प्रश्न: सर, मी राज्यातल्या एका सरकारी विद्यापीठात विद्यार्थी विकास विभाग बघते. रिव्हॅल्युएशनचे निकाल अडीच महिने लटकलेत, त्यात हॉस्टेलची फी वाढली, आणि गेले सहा दिवस दीडेकशे मुलं-मुली प्रशासकीय इमारतीच्या पोर्चमध्ये ठिय्या देऊन बसलीत. व्हीसी सर, म्हणजे कुलगुरू, अजून एकदाही खाली आले नाहीत, मागच्या दाराने येतात-जातात. मंगळवारी आम्ही परिपत्रक काढलं, तासाभरात त्याची रील झाली. आता सर म्हणतात पोलिसांना पत्र द्या, पालकांना फोन लावा आणि कॅम्पसचं वायफाय बंद करा. तिन्ही कामं माझ्या टेबलावर आलीत. मुलं मला म्हणतात, "मॅडम, तुम्ही चांगल्या आहात, पण तुमच्या हातात काय आहे?" खरंच काही नाहीये. वर काय सांगू आणि खाली काय बोलू?
- मधल्या मजल्यावरची

उत्तर:

मॅडम, परिपत्रकाचा फोटो पाठवलात ते बरं केलंत, नाहीतर मला वाटलं असतं की पोरं उगाच टिंगल करतायत. "सर्व संबंधितांना कळविण्यात येते की, काही बाह्य प्रवृत्तींच्या चिथावणीमुळे दिशाभूल झालेल्या विद्यार्थ्यांनी विद्यापीठाची प्रतिमा मलिन करण्याचा प्रयत्न चालविला असून, संबंधितांवर नियमानुसार कठोर कारवाई करण्यात येईल, याची नोंद घ्यावी." खाली सही "कुलसचिव करिता". आता सांगा, यात निकाल कुठेय? फी कुठेय? सहा दिवस फरशीवर झोपलेल्या पोरीने हे वाचलं तर तिला काय कळेल, तर एवढंच की वर बसलेल्यांना तिचा प्रश्न माहीतच नाही, आणि असला तरी तिला कोणीतरी चिथावलंय असं त्यांना वाटतं, आणि सही करायची हिंमतसुद्धा कोणी केलेली नाही, "करिता" करून मोकळे. रील होणारच की.

मी स्वतः बरीच वर्षं कुलसचिवाच्या खुर्चीत काढलीत त्यामुळे प्रशासनाची बाजू मला तुमच्याइतकीच ठाऊक आहे, म्हणून सरळ सांगतो. प्रत्येक आंदोलनात दोन मागण्या असतात. पहिली मुलं घेऊन येतात. दुसरी आपण तयार करून देतो, पहिल्या आठवड्यात, आपल्या वागण्याने. आणि विद्यापीठं अडचणीत येतात ती बहुतेक वेळा दुसरीमुळे.

जादवपूर विद्यापीठाचं बघा. कोलकात्यात ऑगस्ट २०१४ मध्ये कॅम्पसवर एका विद्यार्थिनीच्या विनयभंगाची तक्रार झाली, मुलांची मागणी काय तर चौकशी निःपक्ष करा. कुठलंही विद्यापीठ दोन बैठकांत मिटवू शकलं असतं असा विषय. तो रेंगाळला, १६ सप्टेंबरला घेराव झाला, कुलगुरूंनी जिवाला धोका आहे म्हणून पोलिस बोलावले आणि पहाटे पहाटे लाठ्या पडल्या, तिसाच्या वर पोरांना अटक. चार दिवसांत भर पावसात हजारो लोक कोलकात्याच्या रस्त्यावर, होक कलरव, म्हणजे कल्लोळ होऊ दे, म्हणत. आता मागणी काय? कुलगुरू राजीनामा द्या. चौकशीचं कोणी विचारेना. जानेवारी २०१५ मध्ये ममता बॅनर्जी स्वतः कॅम्पसवर आल्या आणि कुलगुरू पायउतार होतायत असं मुलांना सांगून गेल्या. व्हीसी सरांशी बोलताना ही गोष्ट सांगाच, कारण खुर्ची कशामुळे जाते हे प्रत्येक कुलगुरूला ऐकायचं असतं.

बनारसचं प्रकरण तर तुमच्या जास्त जवळचं आहे. सप्टेंबर २०१७, बीएचयूमध्ये, म्हणजे बनारस हिंदू विद्यापीठात, संध्याकाळी हॉस्टेलला परतणाऱ्या मुलीची बाइकवरच्या पोरांनी छेड काढली. ती तक्रार करायला गेली तर मदत राहिली बाजूला, तिलाच विचारलं गेलं की इतक्या उशिरा बाहेर होतीस कशाला. मुली लंका गेटवर बसल्या. मागण्या काय होत्या, तर रस्त्यावर दिवे, कॅमेरे, गार्डवर जबाबदारी, आणि कुलगुरूंनी गेटवर येऊन आमच्याशी बोलावं. एवढंच हो. पंतप्रधान त्याच वेळी वाराणसीत, सगळ्या देशाचे कॅमेरे गावात हजर, आणि कुलगुरू काही गेटवर आले नाहीत. २३ तारखेच्या रात्री लाठीचार्ज झाला, मुलींवर. पुढे चीफ प्रॉक्टर, म्हणजे कॅम्पसची शिस्त-सुरक्षा बघणारे, गेले, कुलगुरू रजेवर गेले, बीएचयूला पहिल्यांदा महिला चीफ प्रॉक्टर मिळाल्या, म्हणजे जे आधी करता आलं असतं त्यातलं काही नंतर झालंच, पण केवढी किंमत मोजून. गेटपर्यंत चालत जायला वेळ लागतो किती?

यातली एक गोष्ट आपल्या लोकांच्या लक्षातच येत नाही. विद्यापीठ मुलांशी बोलतं ते परिपत्रकातून नाही, गार्ड आणि खिडकीवरच्या क्लार्कच्या तोंडून बोलतं. परीक्षा विभागाच्या खिडकीवर अडीच महिने "उद्या या", "साहेब मीटिंगमध्ये आहेत", "पुण्याला पाठवलंय" हे ऐकून पोरं पोर्चमध्ये आलीत, त्यांना कोणी बाहेरच्याने चिथवायची गरजच नव्हती. म्हणून वरच्यांना काय सांगायचं त्याआधी आज संध्याकाळी गार्ड, हॉस्टेलच्या रेक्टर मॅडम आणि खिडकीवरच्या स्टाफला अर्धा तास बसवा, चहा द्या, आणि सांगा की आठवडाभर कोणी मुलांना उलट बोलायचं नाही, मोबाइलवर त्यांचे फोटो काढायचे नाहीत, आणि माहीत नसेल तर "माहीत नाही, मॅडमना विचारून सांगतो" म्हणायचं. आणि हो, स्टाफच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर पोरांबद्दल जे काही येतंय ते बंद करायला लावा. त्याचा स्क्रीनशॉट निघतोच.

आता सरांनी दिलेली तीन कामं.

वायफाय बंद करू नका. मुलांकडे डेटा पॅक आहेत, बंद पडेल ते लायब्ररीत बसून नेट-सेटचा अभ्यास करणाऱ्या आणि अजून कुठल्याच बाजूला नसलेल्या पोरांचं, आणि दुसऱ्या दिवशी तीसुद्धा पोर्चमध्ये दिसतील. आजार रेड्याला आणि औषध पखालीला, दुसरं काय. तसंच पोर्चमधलं पाणी, दिवे, जवळच्या बाथरूमची चावी यातलं काहीही बंद करायचा मोह कोणाला झाला तर अडवा. उलट तिथे पिण्याच्या पाण्याचे जार ठेवा, विद्यापीठाच्या डॉक्टरांना दिवसातून दोनदा फेरी मारायला सांगा, कोणी उपोषणाला बसलं तर लगेच बीपी-शुगरची रोज नोंद. यात मुलांपुढे झुकणं वगैरे काही नाही, ती तुमच्या आवारात आहेत म्हणजे तुमची जबाबदारी आहेत.

पालकांना फोन, यावर मात्र मी जरा थांबणार आहे कारण हे हत्यार आपल्याकडे फार सहज उचललं जातं आणि ते नेमकं कोणाला लागतं हे कोणी बघत नाही. शहरातल्या, इंग्रजी शाळेतून आलेल्या मुलाच्या बापाला फोन गेला तर बाप म्हणेल, बरं केलंस, किंवा फार तर चार शिव्या देईल. पण जिच्या घरातून कॉलेजला गेलेली ती पहिलीच, जिला हॉस्टेलला पाठवताना भावकीतल्या दहा जणांनी नाकं मुरडली होती, तिच्या घरी "तुमची मुलगी आंदोलनात बसली आहे, कारवाई होऊ शकते" असा सरकारी आवाजातला फोन गेला की पुढच्या एसटीने चुलता हजर होतो. पोरगी सामानासकट गावी. परत येईलच याची खात्री नाही, आणि उन्हाळ्यात लग्नाची पत्रिका आली तर मला नवल वाटणार नाही. तुमच्या त्या दीडशेत अशा किती आहेत ते तुम्हाला माहीत असेल, मला नाही. एका फोनने आंदोलन मिटत नाही पण एकीचं शिक्षण मिटतं. अठरा पूर्ण झालेल्या मुलांबद्दल घरी फोन फक्त तब्येत बिघडली तर, आणि तोही तिला विचारून. हे काम करायला तुम्ही स्पष्ट नकार द्या. बाकी कुठे नमतं घेतलंत तरी इथे नको.

पोलिस. कॅम्पसवर यायला पोलिसांना प्रत्येक वेळी कुलगुरूंची परवानगी लागतेच असं कायद्यात नाही, पण पद्धत तशी आहे, आणि पद्धतीमुळेच पत्र महत्त्वाचं ठरतं कारण उद्या सगळे विचारणार की बोलावलं कोणी. कोणी जखमी झालं, जाळपोळ झाली, कर्मचाऱ्याला कोंडून ठेवलंय आणि त्याला औषध मिळत नाहीये, तर बोलवावेच लागतील, तिथे आदर्शवाद नको. शांतपणे बसलेल्या पोरांसाठी नाही. आणि रात्री तर नाहीच. पुण्यातलं एफटीआयआय, म्हणजे फिल्म इन्स्टिट्यूट, आठवा, जून २०१५ मध्ये संप सुरू झाला तो अध्यक्षपदावर गजेंद्र चौहान यांच्या नेमणुकीवरून, ती नेमणूक दिल्लीची, इथल्या डायरेक्टरच्या हातात त्यातलं काहीच नव्हतं, तुमच्यासारखंच. पण ऑगस्टमध्ये २००८ च्या बॅचचे अर्धवट डिप्लोमा प्रोजेक्ट आहेत तसे तपासायचं ठरलं, मुलांनी डायरेक्टरना घेराव घातला, तक्रार झाली, आणि दुसऱ्या दिवशी मध्यरात्री पोलिस कॅम्पसमध्ये शिरून पाच जणांना उचलून घेऊन गेले. जे लोक तोवर "पोरांनी आता क्लासला बसावं" म्हणत होते त्यांच्यातलेही बरेच त्या रात्रीनंतर पोरांच्या बाजूने बोलायला लागले. संप चालला १३९ दिवस. गंमत म्हणजे मूळ मागणी मान्य झालीच नाही, चौहानांनी जानेवारी २०१६ मध्ये चार्ज घेतला, पण लोकांना आज आठवते ती अटक.

मुलींना सूर्यास्तानंतर अटक करायला कायद्याने काय काय लागतं, महिला अधिकारी, न्यायदंडाधिकाऱ्यांची आधी परवानगी, हे सरांच्या कानावर घाला. बऱ्याच कुलगुरूंना वाटतं पत्र दिलं की आपलं काम संपलं.

पोलिस नको म्हणजे शिस्त नको असं नाही हं. १९६९ मध्ये शिकागो विद्यापीठात मुलांनी प्रशासकीय इमारत ताब्यात घेतली, दोन आठवडे बसली. आदल्या वर्षी न्यूयॉर्कच्या कोलंबियात पोलिस आत घातले होते, सातशेच्या आसपास अटका झाल्या, पोरांची डोकी फुटली, अध्यक्षांना काही महिन्यांत जावं लागलं. शिकागोचे अध्यक्ष एडवर्ड लेवी यांनी पोलिस बोलावलेच नाहीत, मुलं शेवटी आपणहून बाहेर आली. आणि नंतर त्यांनी शिस्तीची कारवाई केली ती इतकी कडक की चाळीसच्या वर मुलांना काढून टाकलं. ते मला पटत नाही, फार झालं ते. पण तुमचे व्हीसी सर जर "मग काय, सगळं सोडून द्यायचं का" म्हणाले तर दाखवायला उदाहरण आहे.

मुलांचीही प्रत्येक गोष्ट बरोबर नसते. क्लार्क बायकांना रात्री उशिरापर्यंत ऑफिसात अडकवून ठेवणं हा त्यांच्यावर अन्याय आहे, त्यांची पोरं घरी वाट बघत असतात. हे पहिल्याच भेटीत तोंडावर सांगा, की बसा, घोषणा द्या, बॅनर लावा, पण दार अडवायचं नाही. चिडून नाही, साध्या आवाजात. मुलं ऐकतात. निदान बरीचशी.

बोलायचं कोणाशी हा तुमचा खरा घोळ आहे, आणि तो तुमचा एकटीचा नाही. १९९४ च्या महाराष्ट्राच्या विद्यापीठ कायद्यानंतर आपल्याकडे विद्यार्थी निवडणुका बंद झाल्या, २०१६ च्या कायद्यात त्या परत आल्या पण कागदावर, प्रत्यक्षात पुढे ढकलणंच चालू राहिलं. त्यामुळे मुलांनी निवडून दिलेला असा समोर कोणीच नसतो, पाच संघटनांचे पाच पुढारी असतात आणि शंभर पोरं अशी असतात जी कुठल्याच संघटनेची नसतात. अशा वेळी प्रशासनाची आवडती चाल म्हणजे त्यातल्या एकाला केबिनमध्ये बोलावून चहा पाजायचा. अजिबात नको. तो बाहेर आला की "मॅनेज झाला" म्हणून त्याचा विषय संपतो आणि त्याच्यासोबत झालेलं बोलणंही संपतं. मुलांनाच सांगा की तुमच्यातले सात-आठ जण तुम्ही ठरवा, त्यात हॉस्टेलच्या मुली हव्यात, आणि बैठक सेमिनार हॉलमध्ये, दारं उघडी ठेवून. इतिवृत्त त्याच दिवशी लिहायचं, दोन्ही बाजूंच्या सह्या, फोटो ग्रुपवर. प्रेसनोट त्यानंतर. आपल्याकडे नेमकं उलटं होतं, पोरांना विद्यापीठाचा निर्णय सकाळच्या पेपरात कळतो आणि मग ती अजून भडकतात.

तारखांबद्दल फार जपून. मुंबई विद्यापीठात २०१७ मध्ये ऑनस्क्रीन तपासणी घाईने आणली, सतरा लाखांच्या वर उत्तरपत्रिका, निकाल लटकले, राज्यपालांनी ३१ जुलैची मुदत दिली, ती हुकली, मग पुढची तारीख, मग त्याच्या पुढची. ऑक्टोबरमध्ये कुलगुरू संजय देशमुख यांना पदावरून काढलं. उशिरापेक्षा हुकलेल्या तारखांचा राग जास्त होता असं माझं मत आहे, कारण प्रत्येक तारखेवर कोणीतरी परदेशातलं अॅडमिशन किंवा पीजीचा फॉर्म टांगून ठेवलेला असतो. म्हणून "पंधरा तारखेपर्यंत निकाल लावू" असं परीक्षा विभाग छातीठोकपणे सांगत असला तरी लिहू नका. रोजचा आकडा द्या. आज किती राहिले, उद्या किती राहिले. आकडा खाली येताना दिसला की पोरं थांबतात.

परिपत्रक असं काढता येईल, माझ्या शब्दांत देतो, तुम्ही तुमच्या बघा:

"रिव्हॅल्युएशनच्या निकालाला उशीर झाला ही विद्यापीठाची चूक आहे. किती उत्तरपत्रिका तपासायच्या राहिल्या आहेत तो आकडा विषयवार खाली दिला आहे, रोज संध्याकाळी पाचला नवा आकडा याच बोर्डवर आणि वेबसाइटवर लागेल. ज्यांचं पुढचं अॅडमिशन किंवा नोकरी अडली आहे त्यांनी परीक्षा विभागात नाव द्यावं, त्यांचे पेपर आधी तपासू, आणि निकाल प्रलंबित असल्याचं पत्र त्याच दिवशी देऊ. हॉस्टेल फीचा निर्णय व्यवस्थापन परिषदेचा आहे, मी एकटा तो रद्द करू शकत नाही. परिषदेच्या पुढच्या बैठकीत तुमचे दोन प्रतिनिधी म्हणणं मांडतील. तोपर्यंत वाढीव रक्कम भरली नाही म्हणून कोणालाही हॉस्टेल सोडावं लागणार नाही. शांतपणे बसलेल्या कोणावरही कारवाई होणार नाही. मंगळवारचं परिपत्रक मागे घेतलं आहे. उद्या सकाळी अकराला मी पोर्चमध्ये येतो आहे."

सही कुलगुरूंची, नावानिशी. करिता-बिरिता नाही. आणि जे जमणार नाही ते यातून आधीच काढा, एक ओळ कमी चालेल.

फी भरली नाही तर काढणार नाही, हे कुलगुरूंना तातडीच्या अधिकारात करता येतं, नंतर परिषदेला कळवायचं, कुलसचिवांना विचारा. आणि सर म्हणालेच की हे लिहून दिलं तर उद्या कोर्टात अंगाशी येईल, तर त्यांना सांगा की अंगाशी येण्यासारखं ऑलरेडी बरंच आहे. परीक्षांचे निकाल ३० दिवसांत, फार तर ४५ दिवसांत लावायचे हे राज्याच्या कायद्यातच आहे. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, २०२३ च्या नियमात निकालाचा उशीर ही रीतसर तक्रार धरली आहे, विद्यापीठाच्या तक्रार निवारण समितीने १५ कामाच्या दिवसांत अहवाल द्यायचा, पटला नाही तर मूल विद्यापीठाच्या लोकपालाकडे (ओम्बड्सपर्सन) जाऊ शकतं. तुमच्याकडे लोकपाल नेमलेत का, त्यांचा नंबर वेबसाइटवर आहे का, हे आजच बघून घ्या, नसेल तर पत्रकारांच्या आधी तुम्हाला कळलेलं बरं.

आणि जे होऊन गेलंय ते लपवायला जाऊ नका. कॅलिफोर्नियात डेव्हिसच्या विद्यापीठात २०११ मध्ये खाली बसलेल्या मुलांच्या तोंडावर पेपर स्प्रे मारला गेला, व्हिडिओ जगभर फिरला, दहा लाख डॉलरची तडजोड करावी लागली. पुढे विद्यापीठाने आपली ऑनलाइन प्रतिमा सुधारायला, म्हणजे ते सर्चमध्ये खाली जावं म्हणून, एजन्सींना पावणेदोन लाख डॉलर दिले. २०१६ मध्ये तेच बाहेर आलं आणि ज्यांना ती घटना आठवत नव्हती त्यांनीही व्हिडिओ पुन्हा बघितला. तुमची ती रील डिलीट करायला कोणाला सांगू नका.

राहिली वरची गोष्ट. सरांकडे एकट्या जाऊ नका. ज्यांचं ते ऐकतात असे एक-दोन सीनियर डीन सोबत घ्या, सकाळी पहिल्यांदा जा, लोकांचा राबता सुरू व्हायच्या आधी. "मुलांचं बरोबर आहे" इथून सुरुवात केलीत तर पहिल्या मिनिटात संपेल. "सर, राज्यपालांच्या ऑफिसमधून विचारणा आली तर आपल्याकडे दाखवायला काय आहे" इथून करा. मग मसुदा पुढे ठेवा. खाली यायला ते घाबरत असतील, वय झालंय, गर्दीची भीती वाटते, यात लाज नाही, तर दहा मिनिटंच यावं, माइक नको, शेजारी तुम्ही, प्रश्नांची उत्तरं नंतर हॉलमध्ये. एकदा समोर उभं राहिलं की पुष्कळ निवळतं.

मुलांना तुमच्याबद्दल खरं तेच सांगा, की निर्णय माझ्या हातात नाही, पण तुमचं म्हणणं मी लिहून वर नेते आणि आलेलं उत्तर जसंच्या तसं तुम्हाला सांगते, नाही असलं तरी. तुमच्या पदाला एवढंच जमण्यासारखं आहे आणि ते काही कमी नाही. फक्त "मी बघते", "होईल काहीतरी" हे बंद करा.

सरांनी नाहीच ऐकलं आणि पोलिसांचं पत्र काढाच म्हणाले, तर तोंडी आदेशावर काढू नका. फाईलवर टिपणी टाका, चार ओळींची: आंदोलन शांततेत आहे, कोणी जखमी नाही, चर्चेचा प्रस्ताव अमुक तारखेला ठेवला होता, माझ्या मते पोलिस बोलावण्याची गरज नाही, आदेशार्थ सादर. त्यावर त्यांची सही आणि तारीख घ्या. बऱ्याचदा ती फाईल सहीविनाच परत येते आणि पत्र राहूनच जातं. आली सही, तर झेरॉक्स घरी ठेवा.